विमानतळाची जमीन आणि आपल्या सह्या

(मंडळाच्या वर्धापनदिनी आष्टी येथे केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. भाषण करावयाचे म्हणजे माझ्या पोटात गोळा येतो. दर वर्षी वर्धापनदिनाला माझ्याकडे चिवड्याचे काम असते आणि ते मी आनंदाने करते. या वर्षी कार्यकारिणीने आग्रह धरला की, गेल्या भिशीच्या दिवशी तुम्ही ते सात-बाराचे जे बोललात ते साऱ्यांपुढे बोला. मी पुष्कळ नाही म्हटले. शेवटी असा तोडगा निघाला की चिवडाही मीच करावयाचा आणि भाषणही मीच. तेव्हा दोन्हींत मीठ कमीजास्त झाले तर सांभाळून घ्या.

विषय विमानतळाच्या जमिनीचा आहे. तुम्ही म्हणाल, आष्टीत कुठे आले विमान? आपल्याकडे संत्रा, कपाशी आणि तूर. खरे आहे. पण माझे माहेर नागपूरच्या दक्षिणेकडचे, मिहान प्रकल्पात आलेल्या गावांपैकी. गावाचे नाव मी घेत नाही, कारण भावाचे कागद अजून चालू आहेत आणि मला त्यात विघ्न आणावयाचे नाही. शिवणगाव, जयताळा, चिचभुवन, खापरी, तेल्हारा, कलकुही, दहेगाव ही त्या बाजूची नावे तुमच्यापैकी कोणाच्या ना कोणाच्या सोयरिकीत असतीलच.

नागपूरचे विमानतळ म्हणजे जुन्या माणसांचे सोनेगाव. माझे आजोबा त्याची एक गोष्ट नेहमी सांगत. 1949 सालच्या जानेवारीत रात्रीच्या टपालाची विमाने सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास, चारी दिशांची विमाने मध्यरात्री नागपूरला उतरत, आपापल्या टपालाच्या थैल्या बदलून घेत आणि पहाटेपर्यंत परत जात. आजोबा ओलिताला जात तेव्हा त्या आवाजावरून वेळ ओळखत. घड्याळ आमच्याकडे नव्हतेच. विमान आमच्या गावाला असे घरचे होते. त्याची भीती कधी वाटली नाही. आमची म्हातारी माणसे विमानाला ‘इमान’ म्हणत, आणि पुढे माझी माय त्यावर हसून म्हणायची, “बाई, इमान आलं अन् गावातलं इमान गेलं.” हसायची, पण डोळे पुसायची.

2002 साली राज्य सरकारने विमानतळ विकासासाठी एक वेगळी कंपनी काढली आणि मिहानचे काम तिच्याकडे दिले. नुसते विमानतळ मोठे करावयाचे नव्हते. मालवाहतुकीचे केंद्र, कारखाने, कचेऱ्या, घरे असे सारे एक शहरच तेथे वसवावयाचे होते. सगळी मिळून जमीन चार हजार हेक्टरांहून जास्त, म्हणजे दहा हजार एकरांवर. आपल्या चार-पाच एकरांच्या हिशेबात हा आकडा बसतच नाही. त्यातली जवळजवळ अर्धी जमीन विशेष आर्थिक क्षेत्राची.

त्या जागेवर काहीच झाले नाही असे मी म्हणणार नाही. एम्सचे मोठे इस्पितळ तेथे उभे आहे. आपल्याच मंडळातील एका वहिनींचे ऑपरेशन तेथे झाले आणि त्या आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. विमाने दुरुस्त करण्याचा कारखाना आहे. 2019 पासून खापरीपर्यंत मेट्रो आली. पूर्वी माझी माय पालक-सांबाराच्या जुड्या टोपल्यात घालून सीताबर्डीला जाई तेव्हा अर्धा दिवस मोडत असे, आता तासाभराचे काम आहे. मात्र पालक पिकवायला वावर राहिले नाही. माझा मोठा पुतण्या तेथल्याच एका कंपनीत फाटकावर पहारेकरी आहे. पगार वेळेवर होतो, हेही सांगितले पाहिजे.

आता माझ्या घरचे सांगते.

बाबांचे चार एकर होते. बाबा गेल्यावर सात-बारावर मायचे, भावाचे आणि आम्हां दोघी बहिणींचे नाव चढले होते. मोबदला मिळावयाचा म्हणजे कागद साफ हवा. 2006 साली भावाचा निरोप आला. मी आष्टीहून आर्वी आणि आर्वीहून नागपूर अशी एस.टी.ने गेले. बसस्टँडवर भाऊ न्यायला आला होता. म्हणाला, “ताई, आता तं सही द्याच लागते. तुया हिस्सा मी खाणार नाही.” मी म्हटले, अरे, मी कुठे मागते? माहेरचा हिस्सा मागणारी बहीण म्हणजे काय, हे तुम्हांला सांगावयास नको. भाऊबीज तुटते. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी बहिणींनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या. वहिनीने पुरणपोळी केली, दोघींना साड्या केल्या. माझी निळी होती. अजून आहे.

त्या कागदावर काय लिहिले होते ते मी वाचले नाही. मला वाचता येत होते, तरी वाचले नाही. ही माझी चूक आहे आणि मी ती दुसऱ्या कोणाच्या पदरात टाकणार नाही.

नंतर कळले की 1994 सालीच महाराष्ट्राने मुलींना वडिलार्जित मिळकतीत मुलाइतका वाटा दिला होता. त्या साली माझे लग्नही झालेले नव्हते. 2005 साली साऱ्या देशासाठी तसा कायदा झाला, आणि 2020 साली सुप्रीम कोर्टाने तो आणखी स्पष्ट करून सांगितला. म्हणजे 2006 साली मी जे सोडले ते दान नव्हते, ते माझे स्वतःचे होते. सोडावयाचेच होते तर माहीत करून घेऊन सोडले असते. भावाला मी तेव्हाही ‘हो’च म्हटले असते कदाचित. पण मायसाठी एक तुकडा, एक खोली तिच्या नावाने मागितली असती.

कारण हाल झाले ते मायचे. मोबदल्याचे पैसे आले तेव्हा फार वाटले. भावाने मोटारसायकल घेतली, पुतणीचे लग्न थाटात केले, काही उसनवारी फेडली, उरलेल्यातून दूर कुठे दोन एकर घेऊ म्हणून एकाजवळ बयाणा दिला आणि तो व्यवहार फसला. भाऊ काही दारुडा-जुगारी नाही, चांगला माणूस आहे. पण पिढ्यान्‌पिढ्या ज्याने पीक मोजले त्याच्या हातात एकदम नोटा दिल्या तर त्या मोजावयास त्याला कोणी शिकविले होते? मायच्या हातात मात्र त्यातला एक रुपयाही तिचा म्हणून आला नाही. भाजीच्या जुड्यांचे पैसे ती कमरेच्या पिशवीत ठेवी. वावर गेले तशी ती पिशवी रिकामी झाली, आणि चहापत्तीलाही तिला सुनेकडे पाहावे लागू लागले. वहिनी वाईट नाही हो. पण मागावे लागणे ते लागणेच.

दुसरी गोष्ट घराची. वावर जाते तेव्हा एकदाच जाते, रडून मोकळे होता येते. परंतु गावठाण उठावयाचे आहे असे नुसते म्हणून ठेवले की मग काय होते ते मी पाहिले आहे. ‘या वर्षी उठेल, पुढच्या वर्षी उठेल’ असे करता करता वर्षे गेली. वहिनीच्या स्वयंपाकघराचे छत गळते. दुरुस्त करावे तर लोक म्हणतात, कशाला पैसे घालता, उठावयाचेच आहे. धाकट्या पुतण्याच्या लग्नासाठी एक खोली वाढवावयाची होती. ग्रामपंचायतीकडे गेला तर म्हणाले, परवानगी आता आमच्या हातात नाही. ज्या कचेरीचे नाव सांगितले तेथे गेला तर ते म्हणाले, गाव पुनर्वसनात आहे, नवे बांधकाम कसे देणार? बरे, नवा प्लॉट द्या, तर तो यादीत तपासावयाचा आहे. मुलगी पाहावयास गेलो तर मुलीच्या मामाने पहिला प्रश्न विचारला, “तुमचं गाव राहणार हाय का जाणार?” या प्रश्नाला उत्तर नव्हते. वहिनी मला म्हणाली, “ताई, आमी का घर अंगावर पडाची वाट पाहाव?” मी काय सांगणार, चहाचा कप हातात धरून बसले.

हे असे का होते, ते मला समजून घ्यावयाचे होते. आमच्या ओळखीच्या एका निवृत्त मास्तरांकडे मी महिनाभर दुपारी जात होते. त्यांनी सांगितले ते माझ्या भाषेत सांगते. महाराष्ट्रात 1966 साली नगररचनेचा कायदा झाला. कोणत्या जमिनीवर शेती राहील, कोठे रस्ता, कोठे घरे, कोठे कारखाना, हे ठरविण्याचा अधिकार त्या कायद्याने नियोजन प्राधिकरण म्हणजे नकाशा काढणाऱ्या संस्थेला असतो. सरकार एखाद्या भागापुरते विशेष नियोजन प्राधिकरणही नेमू शकते. मिहानसाठी त्या विमानतळ कंपनीलाच तसे नेमले. म्हणजे जमीन विकसित करणारी तीच, आणि कोठे काय बांधावे याची परवानगी देणारीही तीच. सासू आणि न्यायाधीश एकच झाल्यावर सुनेने कोणाकडे जावे? हे माझे म्हणणे आहे, मास्तरांचे नव्हे.

आणि हा अधिकार विमानतळाच्या कुंपणापाशी थांबत नाही. नवी मुंबईचे पाहा. तेथे विमानतळासाठी उलवे, कोपर, तरघर, वाघिवली अशी दहा गावे उठली. त्याखेरीज 2013 साली विमानतळाच्या प्रभावाखालचा प्रदेश म्हणून भोवतालची 270 गावे सिडकोच्या नियोजनाखाली घातली गेली. त्या गावांतील शेतकऱ्याची जमीन कोणी विकत घेतली नाही, तरी नगररचना योजनेत 60 टक्के द्यावयाची आणि 40 टक्के आपल्याकडे राहावयाची, असा हिशेब आला. रस्ते, नळ, गटारे होणार आणि उरलेल्या जमिनीला भाव येणार, असे सिडकोचे म्हणणे. आम्हांला हा सौदा नको, असे पुष्कळ शेतकऱ्यांचे म्हणणे. दोन्ही बाजूंत तथ्य असेल. पण ज्याच्याकडे दहा एकर आहेत त्याचे चार उरतात, त्याचे चालते. ज्याच्याकडे दहा गुंठे आहेत त्याच्या चार गुंठ्यांत काय होणार?

त्याच भागातील लोकांनी लढूनही पुष्कळ मिळविले, हे मला आवर्जून सांगावयाचे आहे. सिडकोने नवी मुंबईसाठी जमिनी घेतल्या तेव्हा दि. बा. पाटील यांच्या मागे आगरी-कोळी समाज उभा राहिला. 1984 सालच्या जानेवारीत दोन दिवसांत गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले. त्यांच्या मागण्यांतून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली, आणि विमानतळाच्या वेळी तीच साडेबावीस टक्क्यांपर्यंत गेली. म्हणजे नोटा घेऊन गप्प बसण्यापेक्षा त्याच भूमीचा एक तुकडा, रस्ता-पाण्यासह, परत घ्यावयाचा. आपण आष्टीच्या बाया. 16 ऑगस्ट 1942 ला या गावाने काय केले ते आपल्या सासू-आजेसासूंकडून आपण ऐकले आहे. गोळीचे मोल आपल्याला सांगावे लागत नाही.

अलीकडचे उदाहरण पुरंदरचे. पुण्याजवळ पारगाव, एखतपूर, मुंजवडी, खानवडी, कुंभारवळण, वनपुरी आणि उदाचीवाडी या सात गावांत विमानतळाचे ठरले. अंजीर-सीताफळाचा तो मुलूख. ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले. 2025 सालच्या मे महिन्यात ड्रोनने मोजणी करावयास माणसे आली तेव्हा बायाही रस्त्यावर होत्या, आणि झटापटीपर्यंत गोष्ट गेली. त्यानंतर सरकारने जमिनीचा आकडा पहिल्यापेक्षा बराच खाली आणला. पुढे पुष्कळांनी संमतीही दिली. देणाऱ्यांना मी दोष देणार नाही. संमती देणे किंवा न देणे हे ज्याच्या त्याच्या घरचे आहे. मी एवढेच विचारते की त्या संमतीपत्रावर बाईची सही किती घरांत बाईने वाचून केली?

आता आपल्या तालुक्याचे. ऊर्ध्व वर्धा धरणात वर्धेच्या काठची गावे गेली, ते आपण डोळ्यांनी पाहिले आहे. आपल्या मंडळातच तशा घरांतल्या तीन जणी आहेत. धरण 1993 साली झाले, आणि 2023 सालच्या ऑगस्टात त्या धरणग्रस्तांना न्यायासाठी मुंबईला मंत्रालयातल्या जाळीवर उड्या माराव्या लागल्या. तीस वर्षे! समृद्धी महामार्ग आर्वी तालुक्यातून गेला तेव्हा थेट खरेदी झाली, पैसे लवकर आले, आणि त्यातही सह्यांच्या रात्री कोणत्या घरात काय झाले ते आपल्यापैकी काहींना ठाऊक आहे. अमरावतीचे बेलोरा विमानतळ 2025 सालच्या एप्रिलमध्ये सुरू झाले. ते पुढेमागे वाढेल, त्याच्याभोवती नकाशे निघतील. विमानतळाभोवती घराच्या उंचीवर बंधने येतात. दहा किलोमीटरांच्या आत उघड्यावर जनावरे कापावयास आणि कचरा टाकावयास मनाई असते, कारण घारी-गिधाडे जमतात आणि विमानाला धोका होतो. ही बंधने योग्यच आहेत. पण ज्यांच्या लेकी-बहिणी तिकडे दिल्या आहेत त्यांनी घर बांधण्याआधी विचारपूस करावी.

कायद्याचे थोडे सांगते, कंटाळू नका. 1894 चा जुना कायदा जाऊन 2013 चा भूसंपादन कायदा आला आणि 2014 च्या 1 जानेवारीपासून लागू झाला. त्यात ग्रामीण भागात बाजारभावाच्या चौपटीपर्यंत मोबदला जातो. प्राथमिक अधिसूचना निघाली की साठ दिवसांत लेखी हरकत देता येते. आणि आपल्या कामाची गोष्ट ही, की विधवा, घटस्फोटित आणि नवऱ्याने टाकलेली बाई यांना त्या कायद्यात स्वतंत्र कुटुंब धरले आहे. पुनर्वसनाचे घर किंवा प्लॉट नवरा-बायको दोघांच्या नावे होऊ शकतो. माझ्या मायच्या वेळी हे नव्हते. मात्र प्रत्येक प्रकल्प याच कायद्याने होतो असे नाही. पुरंदरला औद्योगिक विकासाचा वेगळा कायदा लावला. म्हणून नोटिशीच्या डोक्यावर कोणता कायदा लिहिला आहे ते आधी पाहावे, मुदत त्यावरून ठरते. आमच्या घरी नोटीस आली तेव्हा ती भावाने देवळीत ठेवली, आणि देवळीतल्या नोटिशीला दिव्याचे तेल लागले. सांगावयाची लाज वाटते, पण असेच झाले.

सात-बारावर बाईचे नाव ही काही नवी कल्पना नव्हे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची चळवळ केली तेव्हा आपल्या वर्धा जिल्ह्यातही नवऱ्यांनी राजीखुशीने बायकांच्या नावे वावर केले, आणि 1992 साली सरकारनेही त्यासाठी परिपत्रक काढले. आमच्या सासऱ्यांनी तेव्हा सासूबाईंच्या नावे एक एकर केले. लोक हसले. सासरे गेल्यावर त्याच एकरावर सासूबाईंनी मान वर करून दहा वर्षे काढली, आणि मला कधी चार पैशांची गरज पडली तर त्यांनीच दिले. माझी माय आणि माझ्या सासूबाई, दोघीही निरक्षर, दोघीही कष्टाळू. फरक त्या एका एकराचा होता.

माय 2019 साली गेली, त्याच गळक्या घरात. शेवटच्या आजारपणात मी पंधरा दिवस जवळ होते. विमान वरून गेले की डोळे उघडी. एकदा म्हणाली, “आपल्या वांग्याच्या वाफ्यावरून गेलं.” तिला दिशा अजून पाठ होत्या. वाफ्याच्या जागी आता डांबर आहे, पण मी म्हटले, हो माय, तिकडूनच गेले.

भावाशी माझे बरे आहे. या दिवाळीला तो आला होता. जेवण झाल्यावर मी भीतभीतच म्हटले, दादा, आता प्लॉट मिळेल तेव्हा वहिनीचे नाव घालशील का? तो काही बोलला नाही. पानाला चुना लावीत बसला. जाताना मात्र म्हणाला, “कागद आला की तुयाकडे पाठवतो, तू वाच.” एवढे झाले आहे. पुढचे प्लॉट मिळेल तेव्हा.

आता मंडळापुढे माझे मागणे. ग्रामसभेच्या आधी बायांची वेगळी सभा घ्यावयाची असते, तसा नियम आहे. आपल्या सभासदांपैकी ज्या खेड्यांतून येतात त्यांनी ती सभा कागदावर होते की खरोखरी होते ते पाहून यावे आणि पुढच्या बैठकीत सांगावे. दुसरे, मंडळाच्या कपाटात लोकरीच्या सुयांशेजारी एक जागा मोकळी आहे. तेथे एक फाईल ठेवू. जिच्या घरी कसलीही नोटीस येईल तिने तिची झेरॉक्स तेथे लावावी. वाचावयास मास्तरांनी गुरुवारची दुपार दिली आहे, फुकट. कोणाच्या घरचे गुपित बाहेर जाणार नाही, किल्ली अध्यक्षीणबाईंकडे राहील.

तिसरे, येत्या सोमवारी अकरा वाजता आम्ही सात जणी आपापला सात-बारा आणावयास तलाठी कार्यालयात जाणार आहोत. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी गट नंबर लिहून आणावा, आणि नसेल ठाऊक तर घरात विचारावा. कोणी विचारले कशाला, तर सांगा मंडळाने मागितला आहे. येताना संत्र्याच्या सालीचे ते सरबत मी करून आणीन, ऊन फार असते.

चिवडा मागच्या टेबलावर आहे.